झिजणारे यंत्र आणि त्याची भरपाई
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



धारच्या परिसरात यंत्रांविषयी बोलायचे तर आरंभ भोजराजापासून करावा लागतो, आणि तो केवळ स्थानिक अभिमानापोटी नव्हे. भोजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात यंत्रविधानाचा स्वतंत्र अध्याय आहे, तो एकतिसावा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून टी. गणपतिशास्त्री यांनी हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्यातील पाऱ्यावर उडणाऱ्या लाकडी विमानाची चर्चा भरपूर झाली. चांगल्या यंत्राचे गुण कोणते, याची जी यादी त्याच अध्यायात दिली आहे तिच्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. वास्तविक विमानापेक्षा ही यादीच अधिक मोलाची आहे. भाग एकमेकांशी नीट जुळलेले असावेत, त्यांत गुळगुळीतपणा असावा, सांध्यांत ढिलाई नसावी, नको तेथे आवाज होऊ नये, अशा अनुभवी कारागिराच्या गोष्टी तिच्यात आहेत. त्यांतच दोन गुण असे : एक अलक्ष्यता, म्हणजे आतली योजना पाहणाऱ्याच्या नजरेस न येणे, आणि दुसरा चिरकालसहत्व, म्हणजे दीर्घकाळ टिकून राहणे. अकराव्या शतकातील सूत्रधाराला या दोहोंत विरोध दिसण्याचे कारण नव्हते. आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात मात्र हे दोन गुण एकमेकांच्या आड येऊ लागले आहेत. यंत्र आपली झीज स्वतःच भरून काढते आणि ही भरपाई इतकी अलक्ष्य असते की, ते किती टिकेल हे त्याच्या मालकालाच कळेनासे होते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा आहे.

लोखंडाचे म्हातारपण दिसते. गंज चढतो, चाकाची धाव झिजते, बिजागरी कुरकुरते. तेल घालण्याची किंवा भाग बदलण्याची वेळ आली हे घरातल्या पोरासोरांनाही कळते. धारच्या लाट मशिदीपाशी असलेल्या लोहस्तंभाचे तुकडे आपली कहाणी शतकानुशतके उघड्यावर सांगत आहेत. इलेक्ट्रॉनिक उपकरणाची झीज अशी बोलकी नसते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्राव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा या व्यवसायातला आडाखा आहे, आणि माळव्याच्या वैशाखात बंद पेटीतल्या उपकरणाला तो फार जाचक ठरतो. प्रकाश देणारा एलईडी बहुधा एकाएकी विझत नाही, वर्षानुवर्षे मंद होत जातो. स्फटिकाच्या घड्याळाची कंपने दरवर्षी दशलक्षात एखाद-दुसऱ्या भागाने सरकतात. संगणकाच्या चिपेतील ट्रान्झिस्टरवर सतत दाब आणि उष्णता राहिली की तो चालू व्हायला पूर्वीपेक्षा किंचित अधिक दाब मागू लागतो, म्हणजेच मंदावतो. बॅटरीचे तर विचारूच नये. ती वापरली तरी म्हातारी होते आणि नुसती ठेवली तरी होते.

हे सारे आधीपासून ठाऊक असल्यामुळे अभियंत्याजवळ दोन मार्ग असतात. पहिला मार्ग आरंभीच भरपूर माया ठेवण्याचा. शिंपी वाढत्या मुलाच्या सदऱ्याला शिवणीत कापड राखून ठेवतो, तसा हा प्रकार. दहा वर्षांनंतरचा मंदावलेला ट्रान्झिस्टर डोळ्यांसमोर ठेवून आजच्या ताज्या ट्रान्झिस्टरला जरूरीपेक्षा जास्त दाब द्यायचा. यात वीज वाया जाते, आणि जादा दाबामुळे झीजही लवकर होते. दुसरा मार्ग, यंत्राने स्वतःची झीज मोजावी आणि मोजली तेवढीच भरपाई करावी, हा. आजच्या पुष्कळ चिपांत केवळ वेग मोजण्यासाठी छोटी मंडले बसवलेली असतात. ती मंदावली की दाब थोडा वाढवला जातो. काही रस्त्यांवरील दिवे आरंभी मुद्दाम कमी प्रवाहावर चालवतात आणि वर्षे जातील तसा प्रवाह वाढवत नेतात, म्हणजे रस्त्यावरचा उजेड सारखा राहतो. दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. तोही वाटतो तितका नवा नाही.

आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. त्या काळी माळव्यातील घरांत जे रेडिओ वाजत ते व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हच्या आतील कॅथोडवर ऑक्साइडचा लेप असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि वापराबरोबर या लेपाची शक्ती घटत जाते. त्या काळच्या मंडलात कॅथोडच्या वाटेत एक लहानसा रोध जोडलेला असे. व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहू लागला की या रोधावर दाब निर्माण होई आणि तोच दाब व्हॉल्व्हच्या जाळीला ऋण करून प्रवाहाला आवर घाली. व्हॉल्व्ह जुना होऊन प्रवाह घटला की आवरही तितकाच सैल पडे आणि प्रवाह पुष्कळसा पूर्ववत् होई. संगणक नाही, स्मृती नाही, कार्यक्रम नाही; चार आण्यांच्या रोधाने झिजेची भरपाई होत असे. संध्याकाळचे नाट्यसंगीत ऐकणाऱ्या गृहस्थाला याचा पत्ताही नसे. तरीही फसवणूक म्हणावी असे त्यात काही नव्हते, कारण ही भरपाई अपुरी होती. ती झीज थोडी झाके, पुरती झाकत नसे. आवाज बसत चालला आहे हे कानाला कळे, आणि व्हॉल्व्ह तपासून घेण्याची वेळ आली हेही कळे.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि भरपाईचा एक वेगळाच नमुना गल्लोगल्लीच्या दुरुस्तीच्या दुकानांतून रूढ झाला. संचाची पिक्चर ट्यूब जुनी झाली की चित्र काळवंडते, चेहरे पुसट होतात. नवी ट्यूब घालायची म्हणजे जवळजवळ नव्या संचाइतका खर्च. तेव्हा कारागीर ट्यूबच्या तंतूला ६.३ व्होल्टऐवजी थोडा अधिक दाब मिळेल असा छोटा ट्रान्सफॉर्मर आत बसवून देई. याला ‘बूस्टर लावणे’ म्हणत. कॅथोड अधिक तापे, इलेक्ट्रॉन अधिक सुटत आणि चित्र लख्ख दिसू लागे. घरातली मंडळी खूश होत. पण जो लेप उरला होता तोच आता अधिक वेगाने उडत असे, आणि काही महिन्यांत ट्यूब कायमची आंधळी होई. प्रामाणिक कारागीर बूस्टर लावतानाच सांगे की, बाई, हे सहा महिन्यांचे काम आहे, पैसे साठवायला लागा. दुसरा एखादा काहीच न बोलता संच पुसून-पासून जुन्या बाजारात विकून टाकी. बूस्टर दोन्ही संचांत सारखाच होता. फरक एवढाच की, पहिल्या घरात भरपाईची बातमी मालकापर्यंत पोचली होती.

बूस्टरच्या या उदाहरणात साऱ्या विषयाचे मूळ आहे. भरपाई फुकट होत नाही. ती कुठल्यातरी राखीव साठ्यातून उचललेली असते : ट्यूबच्या उरलेल्या लेपातून, चिपेला सोसणाऱ्या दाबाच्या मर्यादेतून, किंवा बॅटरीच्या उरल्यासुरल्या ताकदीतून. साठा असेपर्यंत यंत्र तरुण दिसते. तो संपला की उतरण न दाखवता एकदम कोसळते. म्हणून किती भरपाई चालू आहे हा आकडा हेच त्या यंत्राचे खरे वय. उत्पादनाचे वर्ष हे त्याचे केवळ जन्मसाल झाले.

या आकड्याचे सर्वांत बोलके उदाहरण धार जिल्ह्यातच, पीथमपुरात जमणाऱ्या आणि तपासल्या जाणाऱ्या मोटारींत सापडते. महूच्या पलीकडचा हा माळ गेल्या शतकाच्या नवव्या दशकात औद्योगिक क्षेत्र म्हणून वसला. आयशरचा ट्रकांचा कारखाना तेथे १९८६ पासून आहे. मोटारी तपासण्याचे ‘नॅट्रॅक्स’ हे राष्ट्रीय केंद्रही येथेच उभे राहिले, त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या चारपदरी वेगमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये त्या वेळचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. या मार्गाच्या लांबीचे कौतुक वर्तमानपत्रांनी यथास्थित केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वेगापेक्षा जुनेपणाची परीक्षा महत्त्वाची आहे.

पूर्वी मोटारीला कार्ब्युरेटर असे. इंजिन धूर ओकू लागले किंवा चढावर दमू लागले की मिस्त्री कान लावून ऐके, पेचकसाने एक स्क्रू अर्धा फेर फिरवी आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवी. झिजेची भरपाई तीही होती. पण ती माणसाच्या हातून होई, आणि तिची आठवण मिस्त्रीच्या डोक्यात व मालकाच्या खिशात राहत असे. आता हे काम इंजिनाचा नियंत्रक-संगणक करतो, आणि सेकंदाला अनेक वेळा करतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण नेमके राहिले तरच धुरातील विषारी वायू नाहीसे करणारा उत्प्रेरक नीट काम करतो. प्रमाण कळावे म्हणून धुराच्या नळीत झिर्कोनियाचा एक संवेदक बसवलेला असतो. त्याला लॅम्डा-संवेदक म्हणतात. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत तो प्रथम आला. धुरात प्राणवायू उरला असेल तर तो सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो, पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९. या दोन टोकांमध्ये तो सतत हेलकावत असतो, आणि त्याच्या प्रत्येक हेलकाव्यानुसार नियंत्रक पेट्रोल किंचित वाढवतो वा घटवतो.

आता गाडी जुनी होते. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी कीट बसते आणि ठरल्यापेक्षा कमी पेट्रोल पडते. पंपाचा जोर ओसरतो. हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर धूळ चढते आणि ती हवा कमी मोजते. रबरी नळीला तडा जाऊन न मोजलेली हवा आत शिरते. या प्रत्येक दोषाने मिश्रण पातळ होते. संवेदक तसे सांगतो आणि नियंत्रक पेट्रोल वाढवतो. एकच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते असे दिसले की तो ती कायमच्या स्मृतीत टिपून ठेवतो. ‘नेहमी पाच टक्के जादा’, पुढे ‘नेहमी नऊ टक्के जादा’, आणखी काही वर्षांनी ‘चौदा टक्के’. गाडी चालवणाऱ्याला याची जाणीव होत नाही. इंजिन सुरळीत चालते, धूर दिसत नाही, तक्रार नाही. साधारणपणे वीस ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास कंपनीने घातलेली मर्यादा येते. तिच्यापुढे नियंत्रक हात टेकतो आणि समोरच्या फलकावर पिवळा दिवा लावतो. मालक म्हणतो, ‘काल संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती.’ ती काल ठणठणीत नव्हती. सहा वर्षांपासून ती हळूहळू आजारी पडत होती आणि तो आजार एका आकड्यात रोज नोंदवला जात होता. आकडा वाचणारे कोणी नव्हते.

वाचणाऱ्याला तो आकडा पुष्कळ काही सांगतो. जाणता मिस्त्री स्कॅनर लावतो तेव्हा दिव्याचा दोष-क्रमांक पाहून थांबत नाही. इंजिन जागेवर मंद चालू असताना भरपाई मोठी आणि वेगात असताना किरकोळ दिसली तर कोठेतरी हवा गळते आहे. कारण गळणारी हवा तेवढीच राहते, पण वेगात एकूण हवेच्या मानाने ती नगण्य ठरते. उलट भार वाढेल तशी भरपाई वाढत गेली तर पंप किंवा गाळणी संशयित. डिझेलच्या ट्रकातही असाच प्रकार असतो. तेथे नियंत्रक प्रत्येक स्फोटानंतर भुजदंडाचा वेग किती वाढला हे पाहतो, आणि जो सिलिंडर मागे पडतो त्याच्या इंजेक्टरला थोडे जादा डिझेल देतो. चार सिलिंडरांचे चार आकडे शेजारी शेजारी वाचले की कोणता इंजेक्टर थकला आहे ते उघडण्याआधीच कळते. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम आहे, आणि नाडीप्रमाणेच येथेही एका ठोक्यावरून निदान होत नसते. मागच्या खेपेचे आकडे हाताशी लागतात.

शिवाय एक अडचण आहे, ती थोडी खोलात पाहण्यासारखी. झीज मोजणारा संवेदक स्वतःही झिजतो. काजळी आणि तेलातील फॉस्फरस यांनी लॅम्डा-संवेदक मंदावतो. शिसेयुक्त पेट्रोल त्याला विषासारखे बाधते, आणि म्हणूनही भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र येणे या तंत्राला आवश्यक होते. तराजूच खोटा झाला तर भरपाई चुकीच्या दिशेने होणार. यावर उपाय म्हणून उत्प्रेरकाच्या पुढे दुसरा संवेदक बसवतात. त्याच्यापर्यंत धूर शुद्ध होऊन येतो, त्यामुळे तो हळू म्हातारा होतो आणि पहिल्याची साक्ष तपासत राहतो. पहिला हेलकावे घ्यायला किती वेळ लावतो, हेही नियंत्रक मोजत असतो. कोणत्याही कचेरीत हिशेबनीस आणि हिशेबतपासनीस वेगळे ठेवतात, त्यातले हे तत्त्व. भारतात मोटारींवरील या आत्मपरीक्षणाची सक्ती २०१० पासून आणि अधिक काटेकोरपणे २०१३ पासून झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या निकषांत मोटारीचा धूर १,६०,००० किलोमीटर चालल्यानंतरही मर्यादेत राहिला पाहिजे अशी अट आहे. कंपनीने ते प्रत्यक्ष चालवून दाखवावे किंवा ठरावीक ऱ्हासगुणक धरून सिद्ध करावे. नव्या यंत्राची परीक्षा जुन्या यंत्राच्या मापाने घ्यायची, हे तत्त्व कायद्यात आले ही लहान गोष्ट नव्हे.

एवढे असूनही मालक अंधारातच राहतो, कारण कायद्याने दिवा लावायला सांगितले. दिव्याच्या आधीची वाटचाल दाखवायला सांगितले नाही. त्यात भर म्हणजे पुष्कळ गाड्यांत बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की नियंत्रकाने शिकलेले सारे पुसले जाते. दिवा विझतो, भरपाईचा आकडा शून्यावर येतो, गाडी पुन्हा कोरी. काही दिवसांनी ती सारे नव्याने शिकते आणि दिवा परत लागतो. पण तेवढ्या दिवसांत व्यवहार उरकलेला असतो. बूस्टर लावून विकलेल्या संचाची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती होय.

भरपाई लपवण्याचे जगभर गाजलेले प्रकरण मात्र मोटारीचे नाही, भ्रमणध्वनीचे आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोनने एकदम जास्त प्रवाह मागितला की दाब खाली येतो आणि फोन अकस्मात बंद पडतो. ॲपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आपल्या आयफोनांच्या प्रणालीत असा बदल केला की बॅटरी थकली असेल तर फोनचा वेगच मागणीच्या क्षणी कमी व्हावा, म्हणजे तो बंद पडणार नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे योग्यच होते. बंद पडलेल्या वेगवान फोनपेक्षा चालू असलेला मंद फोन कोणालाही बरा वाटेल. चूक झाली ती वेगळीच : ग्राहकाला हे स्पष्टपणे सांगितले नाही. लोकांना फोन मंद झालेला जाणवला, आणि फोन जुना झाला म्हणजे नवा घेतला पाहिजे असे त्यांनी मानले. वास्तविक नवी बॅटरी पुरली असती. त्याच वर्षी डिसेंबरात वेगमापनाच्या आकड्यांवरून गोष्ट उघडकीस आली. कंपनीने क्षमा मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारा रकाना फोनमध्ये दिला. फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये २.५ कोटी युरो दंड केला, तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेतील दाव्यात त्याच वर्षी मार्चमध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. एका रकान्याची किंमत एवढी झाली.

या प्रकरणात भरपाईचा जो प्रकार आहे तो बूस्टरच्या उलट आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. बूस्टर थकलेल्या भागावर अधिक जोर लावतो. येथे जोर कमी करून काम उरलेल्या ताकदीपुरते बेतले आहे. हा दुसरा प्रकार अधिक विचारी, आणि त्याचे मानवी उदाहरण देवासच्या माणसाला शोधत फिरावे लागत नाही. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. पुढची काही वर्षे गाणे बंद होते, आणि आजारातून ते उठले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झाले होते. लांब दमसासाचे जुने गाणे ओढूनताणून पूर्ववत् करण्याऐवजी छोट्या, धारदार स्वरसमूहांची आणि विरामांची गायकी टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’मध्ये घडत गेली. तिचे सारे श्रेय आजाराला देणे हा त्यांच्या प्रतिभेवर अन्याय होईल. आजारापूर्वीही त्यांचे गाणे सामान्य नव्हते. यंत्राला प्रतिभा नसते, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. दमाची गोष्ट त्यांनी श्रोत्यांपासून लपवली नव्हती, एवढेच येथे पुरे.

यंत्रांच्या जगात या प्रकारचा सर्वांत लांब चाललेला प्रयोग पृथ्वीपासून अब्जावधी किलोमीटर दूर आहे. १९७७ साली सोडलेल्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज मिळते. आरंभी ती सुमारे ४७० वॉट होती आणि दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटत गेली. पाठवणाऱ्यांनी एकेक तापक आणि एकेक उपकरण बंद करत खर्च जमेशी जुळवला. २०२३ मध्ये ‘व्हॉयेजर २’ च्या बाबतीत त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. दाबात अचानक चढउतार झाला तर उपकरणे वाचावीत म्हणून थोडी वीज राखून ठेवलेली होती. तीच खर्चाला काढली आणि एक उपकरण बंद करणे लांबणीवर टाकले. ४५ वर्षांत दाब स्थिर राहिला आहे, आणि तो किती आहे हे पृथ्वीवर बसून मोजता येते, हा त्यांचा हिशेब होता. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये प्लाझ्मा मोजणारे उपकरण बंद करावे लागलेच. सुरक्षिततेच्या साठ्यातून उचल केली, पण ती कोणापासून लपवली नाही, आणि उचल केल्यावर मोजणे थांबवले नाही.

छातीत बसवलेला पेसमेकर हे आणखी एक उदाहरण. आणि येथे चुकीला क्षमा नाही. हृदयाला चालना द्यायला किती जोराचा स्पंद पुरतो हे आधुनिक पेसमेकर स्वतः पडताळतो आणि त्यावर थोडी माया ठेवून तेवढाच जोर वापरतो, म्हणजे बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की तो एक संकेत देतो : छातीवर चुंबक धरला असता त्याच्या ठोक्यांची गती पूर्वीपेक्षा वेगळी येते. हा संकेत यंत्र थांबण्याच्या बराच आधी मिळेल अशी योजना असते, म्हणजे शस्त्रक्रियेला अवधी राहतो. दरम्यान तो बिनमहत्त्वाची कामे सोडून देतो आणि हृदयाचा ठोका सांभाळतो. भरपाई, काटकसर आणि सूचना या तिन्ही गोष्टी एका डबीत एकत्र नांदतात. तेव्हा असे यंत्र करता येत नाही, ही सबब चालणार नाही.

इतर उपकरणांत हे येऊ लागले आहे, तेही कायद्याच्या रेट्याने. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या भ्रमणध्वनींच्या बॅटरीने ८०० वेळा भारित झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के धारण करावी, आणि तिची प्रकृती वापरणाऱ्याला पाहता यावी, असा नियम झाला. ‘युरो ७’ या २०२४ मध्ये संमत झालेल्या नियमावलीत विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीच्या टिकाऊपणाचे निकष आले आहेत. विजेच्या गाडीत हा प्रश्न अधिकच नाजूक असतो. बॅटरीच्या तळाशी आणि माथ्याशी राखून ठेवलेला भाग नियंत्रकाने हळूहळू मोकळा केला तर पहिली काही वर्षे गाडी एका दमात जाते ते अंतर घटतच नाही, आणि मग एकदम घटू लागते.

धार, देवास वा इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक रंग पाहतो, टायर दाबून पाहतो, किलोमीटरचा आकडा वाचतो आणि तो फिरवलेला असणार हे गृहीत धरून घासाघीस करतो. खरे वय सांगणारे आकडे त्या वेळी फलकामागे असतात, आणि ते वाचणारा साधा स्कॅनर बहुतेक मिस्त्रींच्या पेटीत असतो. गाडी गरम करून मंद गतीला आणि मग वेगात दीर्घकालीन भरपाईचा आकडा पाहावा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या वर असेल तर कारण विचारावे. आकडा शून्य असेल तर मात्र आनंदून जाऊ नये. दोष शेवटचे पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हीसुद्धा एक नोंद बहुतेक नियंत्रक ठेवतात. ऐंशी हजार चाललेल्या गाडीत ती नोंद जर वीस-पंचवीस किलोमीटर दाखवत असेल, तर गाडी आणखी आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा असे मालकाला सांगावे.